मथुराकाकूंची घरगाडी

नळ आलेला होता. एका शेगडीवर दूध, दुसरीवर डब्याची भेंडी, आणि समृद्धीला शाळेच्या मोज्यांपैकी एकच सापडत होता. सुशील तोंडाला फेस लावून न्हाणीतून "टॉवेल दे गं" म्हणून ओरडत होता. तेवढ्यात आमच्या लोखंडी फाटकावर ठणठण झाली. घंटी दाराशेजारीच आहे, पण शेजारचे चिंधूकाका ती कधी वाजवत नाहीत. छत्तीस वर्षं स्टील प्लांटच्या प्लेट मिलमध्ये, लोखंडी पत्रे लाटण्याच्या आवाजात काढल्यावर त्यांना स्वतःलाच घंटी ऐकू येत नाही, मग ती दुसऱ्याला येत असेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. हातातल्या मोजपट्टीचा डबा ते फाटकावर आपटत होते.

"काय काका, एवढ्या सकाळी?"

"तुमची स्कूटी हटवा लागते मृणालबाई. अन् हा कढीपत्ता जरासा छाटा लागते, बाहेर आला आहे. बारा वाजता माझं घर येऊन राहिलं."

"घर?"

"हाव. चाकं असलेलं."

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी बारा वाजता भिलाईच्या रिसालीतल्या आमच्या गल्लीत एक पिवळी, जुनी, शाळेची मिनीबस शिरली आणि आमच्या दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. तिच्या अंगावर अजून शाळेचं नाव होतं. काका ड्रायव्हरच्या शेजारून उतरले आणि नवी नवरी आणल्यासारखे मथुराकाकूंकडे बघत राहिले. काकूंच्या हाताला कणीक होती. त्यांनी बसकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "आता या वयात शाळेत जाता का?"

गल्ली हसली. काकाही हसले. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, माहीत नाही.

चिंधू लांजेवार भंडाऱ्याकडचे. चोविसाव्या वर्षी भिलाईला आले, प्लांटमध्ये लागले, तिथूनच निवृत्त झाले. दर काही वर्षांनी कंपनीकडून प्रवासाचा पैसा मिळायचा. कंपनीच्या वसाहतीतले, सेक्टरमधले लोक पुरी, काश्मीर, उटी करून यायचे आणि काकू त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायच्या, किल्ल्या सांभाळायच्या. काका दर वेळी फॉर्मवर 'कन्याकुमारी' लिहायचे आणि दर वेळी काहीतरी निघायचं. धाकट्या बहिणीचं लग्न, लेकाची, प्रवीणची, कोचिंग, या घराचा स्लॅब. मग प्रवासाऐवजी रोकड घेतली जायची. "रिटायर झालो की एकदमच जाऊ," असं ते म्हणत. निवृत्त झाले तेव्हा मात्र अडचण वेगळीच होती.

ती अडचण काकूंनी मला आमच्या शेजाराच्या चौथ्या-पाचव्या वर्षी सांगितली, तीही भाजी निवडताना, वर न बघता. गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना अर्ध्या तासाच्या वर थांबता येत नाही. गेलंच पाहिजे. नाहीतर उभ्या जागी लुगडं ओलं. तेव्हापासून त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे दुर्गला, पद्मनाभपुरच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे. त्यासाठीसुद्धा त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करायच्या. जीभ टाळूला चिकटायची आणि परत आल्या की चक्कर येऊन पडायच्या. लग्न नाही, बारसं नाही, मयत नाही. सख्खी मोठी बहीण चंपा, जिनं आईमागे काकूंना वाढवलं, ती साकोलीजवळ राहते. मोठा रस्ता सोडून अकरा किलोमीटर आत. तिला काकूंनी सहा वर्षं पाहिलं नव्हतं.

"ट्रेनमध्ये संडास असते न काकू," मी म्हटलं होतं.

"असते न. त्याच्यासमोर बारा जण उभे बी असतात."

तेव्हा काकांच्या बसची गोष्ट हसण्यासारखी नव्हतीच, हे मला बस आली त्या दिवशी संध्याकाळी कळलं. मोबाईलवर त्यांनी कुठल्यातरी परदेशी म्हाताऱ्या जोडप्याची गाडी पाहिली होती. आत पलंग, ओटा, आणि मागच्या कोपऱ्यात संडास-न्हाणी. काका सुशीलला सांगत होते, "हे पाहा सुशील, तिले कोणालेच 'थांबवा' म्हणाची गरज नाही. उठली, चार पावलं चालली, झालं. चालत्या गाडीत. मी पुढं गाडी चालवून राहिलो, मले पत्ता बी नाही." हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. मला वाटतं, त्या माणसानं बायकोसाठी इतका नेमका विचार आयुष्यात एकदाच केला.

आणि मग तो विचार लोखंडात केला.

सुशील म्हणाला होता, "काका, आतलं सगळं प्लायवूडचं करा. हलकं राहतं." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं पोळीऐवजी पुठ्ठा वाढा म्हटलं होतं. "छत्तीस वर्षं प्लेट काढली मी. अन् माझं घर प्लायचं? भिलाईत राहून? लोकं तोंडावर थुंकतील." त्यांचे जुने सोबती भय्याजी वेल्डर होते, तेही निवृत्त, तेही घरी बसून कंटाळलेले. दोघांनी मिळून बाजारातून प्लेटा आणल्या आणि पावती खिशात ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पावती आधी दाखवायचे, कारण आमच्या गावात कुणाच्या दारात प्लेट दिसली की माणसाच्या मनात एकच शंका येते, प्लांटमधून उचलली असणार.

चार महिने गल्लीत ठिणग्या उडत होत्या. खाली खडबडीत नक्षीची जाड प्लेट. पलंग लोखंडी, ओटा लोखंडी, फडताळं लोखंडी. संडासाची खोली तर तिजोरीसारखी. तिची टाकीही तीन मिलिमीटर प्लेटची, वर पाण्याची टाकी वेगळी. भय्याजी अभिमानानं म्हणायचे, "ट्रक ठोकला तर ट्रकचं नुकसान." काकू दुपारी चहा घेऊन जायच्या आणि त्या खोलीचं दार उघडून बघायच्या. दार लोखंडी होतं, पण आतून कडी होती. कडी लावून त्या आत उभ्या राहायच्या, मग बाहेर यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मृणाल, खिडकी बी ठेवली त्याईनं. लहानशी."

पूर्ण झाल्यावर सुशीलनं हट्टानं गाडी धर्मकाट्यावर नेली. मूळ बसपेक्षा पावणेदोन टन जास्त भरली. सुशीलचं तोंड उतरलं. काका खूश झाले. वजन म्हणजे मजबुती, एवढंच त्यांना माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी टनानंच मोजलं होतं, टन वाढला की मिलमध्ये शाबासकी मिळायची. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, लिटरला दहा किलोमीटर जाते. त्या दहावर काकांनी कन्याकुमारीचा हिशेब केलेला. जवळच्या उतई गावापर्यंत जाऊन-येऊन पाहिलं तेव्हा साडेपाच पडली. "शहरात गाडी खातेच," ते म्हणाले. उतईच्या रस्त्याला शहर म्हणणारे ते पहिलेच.

प्रवीण रायपूरला नोकरीला आहे. तो रविवारी आला, गाडीभोवती एक चक्कर मारली. "बाबा, इतने में तो फ्लाइट से दो बार जाऊन आले असते. हॉटेल के साथ."

"विमानात तुझी आई—"

"अरे, फ्लाइट में टॉयलेट होता है बाबा."

"अन् विमानतळापर्यंत? अन् तिथून पुढं?"

सूनबाई रेणू मनानं वाईट नाही. ती मदत म्हणूनच बोलली, पण सगळ्यांसमोर बोलली: "मम्मी, अब तो बड़ों के डायपर भी आते हैं. एकदम आरामदायक." काकू उठून आत गेल्या. त्या दिवशी जेवायला त्यांनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः बसल्या नाहीत.

संक्रांत झाल्यावर निघाले. नारळ फुटला, गल्लीनं हात हलवले, काकूंनी नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी त्यांना तिळाचे लाडू दिले. काका महिन्याभरानं येणार होते. पाचव्या दिवशी गाडी परत जागेवर उभी होती.

"इंजिन तापाले लागलं," काका गल्लीला सांगत होते. "रिस्क कावून घ्याची?"

खरं काय झालं ते काकूंनी एका दमात नाही, दोन महिन्यांत तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पहिले दोन-तीन तास त्या खिडकीत बसून मटार सोलत होत्या. राजनांदगाव गेलं, घाट गेला, देवरी गेली. त्या पाच-सहा वेळा उठून मागे गेल्या. "मृणाल, एकदा बी कोणाले सांगावं नाही लागलं. मी तर पाणी प्यालो, मुद्दाम. तांब्याभर प्यालो." हे सांगताना त्या हसत होत्या. त्या प्रवासातलं हसण्यासारखं तेवढंच.

साकोली आली. काकू पुढे जाऊन म्हणाल्या, "चंपाकडे वळवा न."

काकांनी डिझेलच्या काट्याकडे पाहिलं. निघताना भरलेली टाकी कुठवर खाली गेली ते त्यांनी सकाळपासून काकूंना सांगितलं नव्हतं. म्हणाले, "जाऊन-येऊन बावीस किलोमीटर पडते. आत रस्ता खराब आहे, डिझेल जास्त खाते. येताना जाऊ, निवांत. दोन दिवस राहू."

नागपुरात डिझेल घातलं. हिंगणघाटच्या पुढे पुन्हा पंपावर थांबले. आदिलाबादला तिसऱ्यांदा. तिथे गाडी बाजूला लावून काका म्हणाले, इंजिन तापून राहिलं.

"मी समजलो," काकू मला म्हणाल्या. "इंजिन तापलं असतं तर बोनट उघडला असता न बाई. त्याईनं पाकीट उघडलं."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? चार महिने ठिणग्या खाल्ल्या माणसानं. डोळे सुजले होते."

परतताना साकोलीला गाडी थांबली नाही. काका सरळ पुढे बघून चालवत होते. काकूंनीही काही म्हटलं नाही. फाटा डाव्या हाताला आला आणि मागे गेला. "मले वाटलं, त्याईले आठवण असंल," त्या म्हणाल्या. त्यांना आठवण होती, हे मला काकांनीच नंतर सांगितलं. मोठ्यानं, रागानं, जणू मीच विचारलं होतं: "बावीस किलोमीटर म्हणजे चार लिटर. चौऱ्याण्णव रुपये लिटर आहे बाई! रिकाम्या हातानं मेहुणीच्या दारात उभा राहू, अन् परत येताना रस्त्यात डिझेल संपलं तर?" एवढा मोठा खर्च आधीच वाया गेला होता, तेव्हा हे चारच लिटर त्यांना अंगावर आले. ज्या बाईसाठी सगळं केलं तिचं खरं काम त्या चार लिटरांत होणार होतं, हे काही त्यांच्या गणितात बसलं नाही. ते कन्याकुमारीचं गणित होतं, आणि कन्याकुमारी काकांची होती. काकूंना तिथे जायचं आहे का, हे छत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

उन्हाळ्यात पुन्हा ठिणग्या उडायला लागल्या. या वेळी जोडायच्या नव्हत्या, तोडायच्या होत्या. काका गाडी हलकी करायला निघाले. भय्याजी गॅस कटर घेऊन आले. आधी पलंग गेला, मग फडताळं, मग ओटा. एकेक तुकडा बाहेर पडला की काका उतईपर्यंत जाऊन यायचे आणि मोठ्यानं आकडा सांगायचे. "साडेसहा!" आठ दिवसांनी, "सात!" गल्लीत कुणी क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा आम्ही विचारायचो, "काका, आज कितीवर?" मीसुद्धा विचारायचे. आता लाज वाटते.

एका सकाळी काकू ऑटोनं डोळ्याच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, नेहमीसारख्या आदल्या दिवसापासून पाणी न पिता. दुपारी परत आल्या तेव्हा संडासाची खोली गल्लीत आडवी पडली होती. टाकी वेगळी, दार वेगळं. दाराची आतली कडी उघडीच होती. मी पाणी घेऊन धावले, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पाणी घेतलं नाही.

"आठ देते आता!" काका गाडीतून उतरत म्हणाले. घामानं निथळत होते, पण चेहरा उजळलेला. "सगळ्यात जड तेच होतं. चल, उद्या चंपाकडे जाऊ. आता परवडते."

"कशी येऊ?" काकूंनी विचारलं.

"कशी म्हणजे? बसून."

काकूंनी आडव्या पडलेल्या दाराकडे पाहिलं. मग काकांना कळलं. कळलं, पण माघार घेणं त्यांना जमलं नाही. "रस्त्यात ढाबे असतात. पंप असतात. सगळं जग जाते."

"सगळं जग जाते म्हणून तर मी जात नाही न," काकू म्हणाल्या. "आता हे बस झाली. बस तर पावर हाउसच्या स्टँडवरून बी मिळते. ते तर तुमच्यापेक्षा स्वस्त नेते."

"तुझ्यासाठी केलं हे सगळं! अख्खी ग्रॅच्युइटी घातली!"

"माझ्यासाठी जे केलं होतं ते हे रस्त्यावर पडलं आहे. कापाच्या आधी मले विचारलं काय?"

भय्याजींनी कटर बंद केला. त्यानंतर काकू त्या गाडीत चढल्या नाहीत. तोडलेलं लोखंड काकांनी किलोच्या भावानं देऊन टाकलं. एवढं चांगलं वेल्डिंग भंगारवाल्यानं बघितलंही नाही.

गेल्या पावसाळ्यात साकोलीहून फोन आला. चंपामावशी न्हाणीत पडल्या, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. अधूनमधून एकच शब्द म्हणतात, तो 'मथी' आहे असं त्यांच्या मुलाला वाटतं. प्रवीणला सुट्टी नव्हती. काका पावर हाउसवरून बस पकडून एकटेच गेले. काकूंनी त्यांच्याबरोबर मऊ सुती लुगडं आणि वेलदोडे घातलेला रवा पाठवला. दुसऱ्या दिवशी परत आले आणि अंगणात बसून सांगू लागले, "मले ओळखलं तिनं. हात धरला. दाराकडे पाहून राहिली होती, कोणी मागून येते का म्हणून." हे सांगताना त्यांना आपण काय सांगतोय ते समजत नव्हतं. की समजत होतं आणि तरी कुणालातरी सांगणं भाग होतं, कोण जाणे. काकू तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप एकदाही थांबलं नाही.

गाडी अजून तिथेच आहे. काका रोज सकाळी तिच्या पायरीवर बसून पेपरातला डिझेलचा भाव मोठ्यानं वाचतात. दोन पैसे उतरले की म्हणतात, "उतरून राहिलं." वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर काकूंना सोपं गेलं असतं.

आणि आमचं काय? आमच्या दारात चारचाकी आहे. लहान आहे, पण आहे. तीन वर्षं आम्ही आमच्या गाडीतून महिन्या-दोन महिन्यांनी नागपूरला जातो, साकोलीवरूनच. मी काकांच्या ठिणग्या पाहिल्या, वजन पाहिलं, अडचण ऐकली, भाजी निवडता निवडता मान हलवली. आम्हाला वाटलं त्यांची गाडी होते आहे ना. नंतर वाटलं त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला. खरं सांगायचं तर दर अर्ध्या तासाला थांबणं म्हणजे नागपूरला पोचायला उशीर, हे माझ्याही मनात कधीतरी येऊन गेलं होतं. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

परवा दुपारी काकू मागच्या दारानं आल्या. एरवी त्या आल्या की काहीतरी हातात घेतात, लसूण सोलतात, वाटाणे निवडतात. परवा हात मांडीवर ठेवून बसल्या. पदर नीट केला. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाल्या, "राहू दे. बस."

मी बसले.

"पंधरा तारखेले तुम्ही लोकं लग्नाले नागपूरले चालले न?"

"हो काकू."

"मले घेऊन चाला. साकोलीवरून आत अकरा किलोमीटर, चंपाच्या दारापर्यंत सोडा. अन् दर अर्ध्या तासानं गाडी थांबवा."